बिडी हे पाठदुखीचे औषध नव्हे

नांदेडचा मोंढा असो की लातूरची बाजार समिती, पोती वाहून कंबर धरलेला हमाल दुपारी भिंतीला टेकतो आणि आधी बिडी पेटवतो. दोन झुरके मारले की पाठ मोकळी होते, असे तो सांगतो. वीटभट्टीवर आणि उसाच्या फडातही हेच ऐकू येते. अशा माणसाला आमचे शिकलेले लोक काय सांगतात? ‘सोड, नाहीतर कॅन्सर होईल.’ ज्याला आज रात्री कुशीवर वळता येत नाही, त्याला वीस वर्षांनंतरच्या कॅन्सरची भीती घालून काय साधणार?

‘या लोकांना इच्छाशक्तीच नाही’ हा शेराही आम्हाला मान्य नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक ते सोडण्याच्या विचारात होते. दवाखान्यात गेलेल्यांपैकी मात्र ४८.८ टक्के लोकांनाच सोडण्याचा सल्ला मिळाला. मग दोष कोणाचा?

दुखणेकऱ्याला बिडी सोडण्याचे बळ त्याच्या दुखण्यातूनच मिळू शकते. निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते, म्हणून बरे वाटते. अंमल उतरला की तलफ येते, चिडचिड होते आणि तेच दुखणे जास्त जाणवते. पुढची बिडी मागच्या बिडीने लावलेली तलफ भागवते, एवढेच. शिवाय धुराने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तातला प्राणवायू घटतो. मणक्यांमधल्या गाद्यांचे पोषण कमी होते, मोडलेले हाड जुळायला वेळ लागतो. ‘मामा, तुमची पाठ बरी व्हायला हीच बिडी आडवी येते,’ असे डॉक्टरांनी एक्स-रे हातात धरून सांगावे. ते पटते.

सुरुवातीचे काही आठवडे जड जातात, दुखणे वाढल्यासारखे वाटते, हेही लपवू नये. त्याच काळात वेदनेवर उपचार, व्यायाम आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचे च्युइंगम उपयोगी पडते. बिडीऐवजी तंबाखू-चुना मळणे हा उपाय नव्हे, निकोटीन तेच.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. नुसता बसलेला मजूर कामचुकार ठरतो. बिडी ओढत बसला तर मुकादमही काही म्हणत नाही. म्हणजे बिडी हीच त्याची विश्रांतीची परवानगी! ती हिरावून घ्यायची, तर हक्काचा विसावा द्यावा लागेल. १९६९ चा माथाडी कायदा हमालांच्या कल्याणासाठीच झाला. त्याखालील मंडळांनी यात लक्ष घालावे.

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाने बिडी आडोशाला जाते, सुटत नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे तंबाखूमुक्तीचा समुपदेशक अस्थिरोग विभागाच्या दारातच बसवा. कंबर धरून आलेला माणूस दुसऱ्या इमारतीपर्यंत चालत जाणार नाही.

तोवर कार्यकर्त्यांनी १८००-११-२३५६ हा शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक मोंढ्यात, भट्टीवर, टोळीत पोहोचवावा. उपदेश करू नये. आधी विचारावे, ‘दादा, कुठे दुखते?’