थैली, अडत्या आणि चौदा असत्ये

दुकानाचा हिशेब संगणकाकडे गेला, तसा घरातील ज्येष्ठांच्या बुद्धीचा रोजचा व्यायामही गेला, ही तक्रार सावनेरसारख्या बाजारगावात आता सर्रास ऐकू येते. दोन पिढ्यांपूर्वी गादीवर बसणाऱ्यास पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुखोद्गत असे. साडेतीन रुपये दराने सतरा नगांचे किती, हे सांगण्यास त्याला कागद लागत नसे. सतरा औटे साडेएकोणसाठ, आणि व्यवहार पुरा. आज तोच गृहस्थ मुलाच्या हाती दुकान सोपवून सकाळी वर्तमानपत्रातील सुडोकू उघडतो आणि मनात एक भीती बाळगून विचारतो, की याने बुद्धी शाबूत राहील काय?

या प्रश्नाला सरळ 'होय' म्हणणे धाडसाचे ठरेल. अमेरिकेत ६५ वर्षे व त्यापुढील वयाच्या २,८३२ व्यक्तींवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे पहिले निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला स्मरणाचे, दुसऱ्याला तर्काचे, तिसऱ्याला त्वरेने आकलन करण्याचे शिक्षण दिले गेले. चौथ्याला काहीच नाही. पाच-सहा आठवड्यांत जेमतेम दहा बैठका. दहा वर्षांनी पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा तर्काच्या आणि त्वरेच्या शिक्षणाचा लाभ टिकलेला आढळला. स्मरणाचा मात्र ओसरला होता. शिवाय ज्याने जे गिरविले, त्यातच तो सुधारला. म्हणजे रोज एकाच जातीचे सुडोकू सोडविणारा मनुष्य मुख्यतः सुडोकूतच तरबेज होणार. (हे कोडे प्रथम १९७९ साली एका अमेरिकन मासिकात आले आणि त्याचे कर्ते हॉवर्ड गार्न्स हे निवृत्त वास्तुविशारद होते, ही गोष्ट मात्र निवृत्तांना धीर देणारी आहे.) तेव्हा कोड्यांची जात बदलत राहिली पाहिजे, आणि जे कोडे पहिल्या वाचनात कळत नाही त्यापाशीच थांबले पाहिजे.

अशा कोड्यांसाठी आपल्याला दूर जावयास नको. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. १९१२ साली मद्रासहून प्रा. रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला; पुढे १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह छापला. ग्रंथ गणिताचा असला तरी त्यात व्याज आहे, सोन्याचा कस आहे, भागीदारी आहे. व्यापाऱ्याचे अवघे जग आहे.

त्यातील एक कोडे असे. तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची थैली दिसते. पहिला म्हणतो, ही मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या एकत्र धनाच्या दुप्पट धन माझ्यापाशी होईल. दुसरा म्हणतो, माझ्यापाशी तिप्पट होईल. तिसरा म्हणतो, पाचपट. तर थैलीत किती आणि प्रत्येकाच्या हाती किती?

बीजगणिताची चिन्हे न वापरता पाहा. पहिल्याचे धन अधिक थैली हे जर इतर दोघांच्या दुप्पट, तर सर्व मिळून धन त्या दोघांच्या तिप्पट झाले. त्याच न्यायाने दुसऱ्याच्या बाबतीत चौपट आणि तिसऱ्याच्या बाबतीत सहापट. तीन, चार, सहा यांनी भागली जाणारी संख्या घ्या, समजा २४. मग दुसरा व तिसरा मिळून ८, पहिला व तिसरा मिळून ६, पहिला व दुसरा मिळून ४. या तिन्हींची बेरीज १८. तीत प्रत्येक जण दोनदा मोजला गेला, म्हणून तिघांचे हातचे धन ९. थैलीत उरले १५. पहिल्यापाशी १, दुसऱ्यापाशी ३, तिसऱ्यापाशी ५. या चारही संख्यांची दुप्पट वा तिप्पट केली तरी कोडे सुटतेच, हेही ध्यानी यावे. आता, वाटेत पडलेली वस्तू उचलणे अचौर्य अणुव्रतात बसत नाही, हे त्या तिघांना कोणी सांगितले नसावे; आचार्यांनी गणितापुरते त्यांना क्षमा केलेली दिसते.

दुसरे कोडे याहून सूक्ष्म, आणि शुद्ध तर्काचे आहे. मुळात त्यातील पात्र एक गणिका आहे. कुटुंबाच्या मासिकात आपण तिच्या जागी एक अडत्या बसवू. त्याच्याकडे संत्र्यांचे पाच ग्राहक आले. त्याच्या मनातून माल द्यावयाचा आहे तिघांना. पण प्रत्येकाला तो बाजूला घेऊन सांगतो, 'माल फक्त तुम्हालाच.' तर तो किती वेळा खरे बोलला आणि किती वेळा खोटे?

घाईने उत्तर देणारा म्हणेल, तीनदा खरे, दोनदा खोटे. परंतु 'फक्त तुम्हालाच' या शब्दांत पाच विधाने दडली आहेत: तुम्हाला देणार हे एक उघड, आणि उरलेल्या चौघांना देणार नाही ही चार गर्भित. ज्याला माल मिळणार आहे त्याच्याशी बोलताना तीन विधाने खरी ठरतात, दोन खोटी. ज्याला मिळणार नाही त्याच्याशी एक खरे, चार खोटी. असे तिघे आणि दोघे मिळून सत्ये ११, असत्ये १४. आचार्यांनी यासाठी सूत्रही दिले आहे, पण सूत्र पाठ करण्यापेक्षा एकेका ग्राहकापाशी जाऊन मोजण्यात खरा व्यायाम आहे. आणि गर्भित असत्यसुद्धा मोजावयाचे असते, ही दृष्टी अकराशे वर्षांपूर्वीच्या गणिताच्या ग्रंथात भेटते, याचे मला अजूनही नवल वाटते.

ही कोडी एकट्याने कोपऱ्यात बसून सोडवू नयेत, असे माझे मत आहे. सायंकाळी भोजनानंतर आजोबांनी नातवंडांपुढे मांडावीत. मुलाने भ्रमणध्वनी हाती घेतला तर तो सौम्यपणे काढून घ्यावा. मुले चुकीचे उत्तर देतील, तेव्हा चूक नेमकी कोठे झाली हे समजावून सांगताना आजोबांच्या बुद्धीला जो ताण पडतो, तो मला नुसत्या उत्तराहून मोलाचा वाटतो.

तेव्हा या महिन्यासाठी: ग्राहक सात, माल मिळणार चौघांना, आणि अडत्या तोच, बोलणेही तेच. सत्ये किती, असत्ये किती? उत्तर पुढील अंकी.