नोंदींना कुलूप

वहीत खाडाखोड केली की जुना आकडा रेषेखालून डोकावत राहतो. नोटपॅडमधील टिपणाला ही सोय नाही. आमच्या पेढीवरील उधारीच्या यादीतले एक शून्य असेच नाहीसे झाले. बोट नातवाचे की माझेच, हे उमगले नाही.

विंडोजमध्ये त्या फाइलवर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावे आणि 'रीड-ओन्ली'समोर खूण करावी. मग पडद्यावर अक्षर बदलते खरे, परंतु त्याच नावाने जतन करू गेल्यास नोटपॅड अडवते. नवी नोंद करतेवेळी खूण काढावी, नंतर आठवणीने पुन्हा लावावी.

फाइलच पुसली गेली तर मात्र हे कुलूप निरुपयोगी. म्हणून आम्ही दिवाळीला, वहीपूजनाच्या दिवशी, यादीची छापील प्रत वहीतच चिकटवतो.