फार्मासिस्ट फक्त गोळ्या विकण्यासाठीच का?

पावसाळा लागला की वस्तीच्या तोंडावरच्या मेडिकलसमोर संध्याकाळी गर्दी होते. दिवसभर कचरागाडीवर राबलेला सफाई कामगार, धुणीभांडी करून परतलेली बाई, दम्याने बेजार झालेले आजोबा. डॉक्टरची फी परवडत नाही आणि सरकारी दवाखान्याची ओपीडी केव्हाच बंद झालेली असते. ‘ताप-खोकल्याचं काहीतरी द्या’ म्हटले की पुडीत चार गोळ्या मिळतात. त्यात बहुधा एक अँटिबायोटिक असते. फ्लू विषाणूमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही, हे शिकलेल्या फार्मासिस्टला पक्के ठाऊक असते. पण फ्लूची लस असते, ती दरवर्षी घ्यावी लागते, हे तो सांगत नाही.

२००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. तोंडाला रुमाल बांधून फिरणारे ते शहर आम्ही विसरलेलो नाही. पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गरोदर माता आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत देण्याचे ठरवले. चांगलेच केले. पण ही बातमी वस्तीत किती जणांपर्यंत पोहोचली? खासगीत लसीला हजार-दोन हजार रुपये पडतात. म्हणजे सोसायटीतल्या साहेबांनी टोचून घ्यायची आणि त्यांचा कचरा उचलणाऱ्याने खोकत राहायचे!

इंग्लंडमध्ये २०१५ पासून सरकारी योजनेत गल्लीतला फार्मासिस्टही ही लस टोचतो. वृद्धांना आणि जोखमीच्या रुग्णांना ती फुकट, पैसे सरकार भरते. तिथला फार्मासिस्ट काही आकाशातून पडलेला नाही; सुई टोचण्याचे, रिअ‍ॅक्शन आली तर सावरण्याचे प्रशिक्षण त्याला दिले गेले. आपल्याकडे १९४८ चा कायदा सांगतो की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे. २०१५ च्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगण्याचे कामही त्याच्यावर सोपवले. प्रत्यक्षात कित्येक दुकानांत भिंतीवर सर्टिफिकेट एकाचे आणि काउंटरवर दुसराच! हा भाड्याच्या सर्टिफिकेटचा धंदा चालू असेपर्यंत तिथे सुई द्या, असे आम्ही म्हणणार नाही. लस २ ते ८ अंश तापमानात सांभाळावी लागते, कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये नव्हे.

पण बोलायला कोणता परवाना लागतो? दरमहा इन्सुलिन कोण नेतो, दम्याचा पंप कोणाला लागतो, हे फार्मासिस्टइतके कोणाला माहीत? ‘काका, पावसाळ्याआधी लस घ्या, सरकारी दवाखान्यात चौकशी करा’ एवढे तरी त्याने म्हणावे.

शिष्यवृत्तीवर डी. फार्म. झालेली आमची कितीतरी मुले-मुली, भांडवल नाही म्हणून, दुसऱ्याच्या दुकानात तुटपुंज्या पगारावर राबत आहेत. शासनाने त्यांना लसीकरणाचे रीतसर प्रशिक्षण आणि अधिकार द्यावेत, दवाखान्यांत पगारी जागा द्याव्यात. लस मात्र फुकटच हवी आणि सुरुवात सफाई कामगारांपासून व्हावी. त्यांना शोधत फिरण्याचीही गरज नाही. पहाटे हजेरी चौकीवर सगळे एकत्र असतात. मे महिन्यात डॉक्टरच्या देखरेखीखाली तिथेच टेबल मांडावे.