दोन माणसांचे घर आणि वीगन पाककृतींचे पुस्तक



आर्वीसारख्या व्यापारी गावातील आपल्या घरांचे चित्र आता पालटले आहे. ज्या घरांत एके काळी पंधरा-वीस पाने मांडली जात, तेथे आज दुकान सांभाळणारे वडीलधारे जोडपे तेवढे उरले आहे. मुले पुण्यास, बंगळुरूस स्थिरावली आहेत. अशात सुटीला आलेला नातू सांगतो, "आजी, मी दूध, दही, तूपही सोडले आहे." अहिंसेचे नाव घेऊन आलेला हा निर्णय आपल्या घरात नाकारणे कठीण, आणि वरणभातावर तूप न घालता पान वाढणे आजीला त्याहून कठीण. मग त्याच्यासाठी निराळे शिजते, निराळे वाढले जाते, आणि चार दिवसांची सुटी रुसव्याफुगव्यात सरते. ह्यावर उपाय म्हणून वीगन, म्हणजे सर्वथा वनस्पतीजन्य, पाककृतींचे पुस्तक घ्यावे असे अनेक घरांत ठरते. ते कसे निवडावे, ह्याचा विचार आज करू.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. 'वीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये 1944 साली रूढ झाला. परंतु गांधीजींनी 1912 मध्येच दक्षिण आफ्रिकेत दूध वर्ज्य केले होते. गाई-म्हशींना होणारा छळ हे त्याचे एक कारण होते. 1918 च्या दुखण्यानंतर त्यांना शेळीचे दूध घ्यावे लागले. व्रताचे शब्द राखले, आत्मा राखला नाही, ही खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवली आहे. पुढे 1935 च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग केले. स्वस्त, स्थानिक आणि पोषक अन्न कोणते, हाच त्यांचा शोध होता. तेच सोयाबीन आज आपल्या बाजार समितीत पोत्यांनी उतरते. म्हणून ह्या आहारासाठी महागड्या परदेशी जिनसा लागतात, हा समज प्रथम दूर करावा.

आपल्या परंपरेलाही हा स्वयंपाक परका नाही. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील आयंबिलाच्या ओळीत दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर ह्यांवाचून एक वेळचे जेवण रांधणाऱ्या भगिनी आपल्यात आहेत. दिगंबर घरांत रसपरित्यागाची ओळख आहे. मध तर आपल्याकडे मुळातच वर्ज्य आहे. द्विदलाची अडचणही येथे आपोआप मिटते. दहीच नसल्यावर डाळीशी त्याचा संयोग होण्याचा प्रश्न उरत नाही.

मात्र वीगन पुस्तक म्हणजे जैन पुस्तक नव्हे. अशा पुस्तकांत कांदा, लसूण, बटाटा, गाजर, अळंबी, यीस्ट ह्यांचा सुकाळ असतो. म्हणून दुकानात उभ्यानेच मधली कोणतीही पाच पाने उघडावीत. कांदा-लसूण वगळल्यावर पदार्थ उभा राहतो का, हे पाहावे. फोडणीपुरता कांदा असेल तर हिंगाने भागते आणि आल्याच्या जागी सुंठ चालते. पण कांद्याच्या वाटणावरच सारा रस्सा बेतलेला असेल, तर ती कृती आपल्या उपयोगाची नाही. पाचांपैकी तीन कृती अशा निघाल्या, तर पुस्तक ठेवून द्यावे.

दुसरी कसोटी प्रमाणाची. बहुतेक कृती चार ते सहा माणसांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे वासी अन्न घेत नाहीत आणि चौविहार असेल तर सूर्यास्तापूर्वी सारे आटोपावे लागते. तेव्हा उरलेले अन्न म्हणजे निव्वळ नासाडी. प्रमाण निम्मे करणेही दिसते तितके सरळ नाही. डाळ निम्मी होते, पण पसरट भांड्यात पाणी लवकर आटते, आणि मीठ-मसाला निम्म्याहून किंचित कमी घालून चव पाहावी लागते. म्हणून दोन माणसांचे माप देणारे पुस्तक पसंत करावे. माप वाटी-चमच्याचे असावे. कमलाबाई ओगले ह्यांच्या 1970 च्या 'रुचिरा'ने मराठी घरांना वाटीच्या मापाची जी सवय लावली, ती आजही सोयीची आहे. ते वीगन पुस्तक नव्हे. पण माप कसे लिहावे, ह्याचा नमुना म्हणून ते पाहावे.

तिसरी कसोटी खर्चाची. पुस्तकाची किंमत एकदाच द्यावयाची असते, जिनसांची मात्र रोज. पानोपानी काजूची पेस्ट, बदामाचे दूध आणि डब्यातले तयार चीज असेल, तर स्वस्त पुस्तकही महाग पडते. तयार सोयादुधाचे एक लिटरचे पाकीट फोडले की थोड्याच दिवसांत संपवावे लागते. दोघांच्या घरात ते वाया जाते. ह्याउलट तीळ, शेंगदाणे, जवस, तूर, ज्वारी ह्यांवर उभे असलेले पुस्तक आपल्या किराण्याच्या यादीत चपखल बसते.

ह्या दृष्टीने पाहिले तर वैदर्भीय स्वयंपाकाचा मोठा भाग आधीच वीगन आहे. गोळाभात, वरणफळे, सांबारवडी, पाटवडी, अंबाडीची भाजी, तुरीच्या सोल्यांची आमटी, जवसाची चटणी आणि भाकरी, ह्यांत दूध-तूप अनिवार्य नाही. वरणफळांवर तुपाऐवजी तेलाची हिंग-जिऱ्याची फोडणी घातली, की तोच पदार्थ आजोबांच्या आणि नातवाच्या पानात एकत्र येतो. जे पुस्तक अशा पदार्थांना जागा देते, ते घरात दोन चुली होऊ देत नाही.

आरोग्याचा उल्लेखही पुस्तकात असावा. बी-12 जीवनसत्त्व वनस्पतीजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही. दूध पूर्ण सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ते निराळे घ्यावे लागते. ह्याविषयी मौन बाळगणारे किंवा नुसत्या पालेभाजीवर भागेल असे सांगणारे पुस्तक विश्वासार्ह मानू नये. वृद्धांनी आणि गर्भवती भगिनींनी तर आहारातील असा बदल वैद्यकीय सल्ल्यावाचून करूच नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पुस्तक एकच घ्यावे, आणि शक्य असल्यास नातवालाच सोबत नेऊन घ्यावे. पहिल्या महिन्यात त्यातील चारच पदार्थ करावेत. आपल्या घरी लागलेले पाणी, तेल आणि मीठ समासात पेन्सिलीने टिपून ठेवावे. नातू परत जाताना त्या चार कृती वहीत उतरवून त्याच्या हाती द्याव्यात. परगावच्या एका खोलीत राहून तो स्वतःसाठी रांधू लागेल, तेव्हा आजीच्या हातचे माप त्याच्याजवळ असेल.