वेस्ट माझं, बेस्ट तिचं

शुक्रवारी रात्री ताईचा फोन. 'अगं, चिऊला सोमवारी 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट'चा प्रोजेक्ट द्यायचाय. जुन्या कपड्यांचं काहीतरी. तू बघतेस का?' मी ऑफिसात दिवसभर एक्सेल शीट भरते, पण तिसरीतल्या भाचीपुढे मावशीची इमेज राखायला हवी ना! त्यामुळे शनिवारी सकाळीच मी स्टेशनरीच्या दुकानात हजर. ग्लू गन, लेस, टिकल्या, रंगीत फेल्ट. बिल साडेचारशे रुपये. टाकाऊतून टिकाऊ करायला साडेचारशेची नवी खरेदी! यातला विनोद तेव्हा मला कळलाच नाही.

चिऊ आल्या आल्या मी लेक्चर सुरू केलं. एका सुती टी-शर्टमागे, कापसाच्या शेतापासून हिशेब धरला तर, अंदाजे २,७०० लिटर पाणी लागतं. म्हणजे रोज तीन लिटर पिणाऱ्या माणसाचं जवळजवळ अडीच वर्षांचं पाणी. चिऊचे डोळे मोठ्ठे झाले. 'म्हणून जे आपण वापरत नाही ना, ते वेस्ट', मी समारोप केला, कपाट उघडून दिलं आणि चहा टाकायला गेले.

परत येते तो काय! बाईसाहेबांनी माझ्या मोरपिशी कुर्त्याची एक बाही कापलेली. नवा कोरा कुर्ता हो! टॅगसुद्धा निघाला नव्हता. मी ओरडलेच. चिऊचा चेहरा रडवेला. 'तूच म्हणालीस, वापरत नाही ते वेस्ट. हा तर तू कधीच घातला नाहीस.'

आता बोला! कुर्ता घेतला होता मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये.

आवाज ऐकून आई आली. टेबलावरची लेस-टिकल्यांची पिशवी बघून हसायलाच लागली. तिच्या लहानपणी म्हणे नऊवार विरली की तिची गोधडी व्हायची. उरलेल्या तुकड्यांची बाळाची दुपटी, मग ओट्यावरचं फडकं आणि अगदी शेवटी पायपुसणं. धड कपडे बोहारणीकडे, बदल्यात स्टीलचं पातेलं. हे सगळं सांगता सांगता तिने चिऊच्या हातात सुई दिली आणि धावदोरा शिकवला.

मग आम्ही खरंच जुने कपडे काढले. आधी एक प्रयोग. सांडलेल्या पाण्यावर सुती टी-शर्टचा तुकडा टाकला आणि माझ्या पॉलिएस्टर टॉपचाही. सुतीने पाणी पिऊन टाकलं, पॉलिएस्टरने नुसतं इकडून तिकडे ढकललं. पॉलिएस्टर म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच, वर्षानुवर्षं कुजत नाही, हे मग वेगळं समजवावं लागलं नाही.

प्रोजेक्ट झाला टी-शर्टच्या पिशवीचा. तुम्हीही करून बघा. बाह्या कापा, गळा थोडा मोठा कापा, की झाले बंद. खालच्या कडेला बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि पुढची-मागची पट्टी एकमेकींना गाठ मारत जा. शिलाई नको, ग्लू गन तर नकोच. कुर्त्याच्या बाहीचं आईने आणि चिऊने मिळून पाऊच शिवलं. टाके वाकडेतिकडे, पण पेन्सिली मावतात.

बक्षीस मिळालं नाही. ते थर्माकोलच्या राजवाड्याला गेलं. चिऊला त्याचं फारसं वाटलं नाही, कारण ताई आता त्याच पिशवीतून भाजी आणते.

आणि कुर्ता? दुसरी बाही मी स्वतः कापली, आईने कडा दुमडून दिल्या आणि सोमवारी तो स्लीव्हलेस घालून मी ऑफिसला गेले. टॅग काढून! 'मस्तय, नवा का?' कुणीतरी विचारलं. काय सांगणार!

लेक्चर द्यायच्या आधी आपलं कपाट आपणच उघडून बघावं, एवढं मी शिकलेय. चिऊने माझ्या कपाटात टॅगवाले आणखी चार कपडे शोधून ठेवलेत. पुढच्या शनिवारी ती कात्री घेऊन येतेय. तोवर चारही घालून व्हायला हवेत!