बालसंगोपन : गालात अडकलेला घास

‘चार पदार्थांपलीकडे काही खातच नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बहुतेक मुलांचा हा हट्ट वयाबरोबर निवळतो. काही मुले मात्र वरणाचा थेंब बोटाला लागताच हात झटकतात, दुधीच्या वासानेच ओकारी काढतात, मऊ घास गालात धरून बसतात. धाकाने किंवा मोबाइल दाखवून भरवले, तर घास पोटात जातो. खाणे शिकले जात नाही.

प्रथम बालरोगतज्ज्ञांकडून बद्धकोष्ठता, जठरातील आम्ल वर येणे, गिळण्यातील दोष व लोहाची कमतरता तपासून घ्यावी. त्यानंतर प्रश्न येतो थेरपीचा. अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन आयर्स यांनी १९७२ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या विचारातून सेन्सरी थेरपी रूढ झाली. झोका, उड्या, भिंत ढकलणे यांतून शरीर स्थिरावावे, हा तिचा हेतू. फीडिंग थेरपी चावणे, जीभ वळवणे आणि नव्या पदार्थाची ओळख शिकवते. दोन्ही निरनिराळ्या दिवशी झाल्यास झोक्यावर शांत झालेले मूल ताटासमोर पुन्हा आक्रसू शकते. म्हणून आधी थोडा अंगमेहनतीचा खेळ, मग पाय टेकतील अशी खुर्ची आणि लगेच ताट, हा क्रम बरा. अमेरिकी बालरोग अकादमीने २०१२ मध्येच सेन्सरी थेरपीविषयीचे संशोधन मर्यादित असल्याचे पालकांना सांगावे, असे सुचवले आहे. तेव्हा महिनोन्महिने केवळ झोक्याचे शुल्क भरू नये. ताटात काय बदलले, ते विचारावे.

नवी मुंबईत महापालिकेचे वाशी येथील ईटीसी केंद्र आणि खारघर येथील राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र येथे चौकशी करता येईल. ‘दिव्यांग’ या शब्दाने बिचकून काही कुटुंबे तेथवर जातच नाहीत, आणि त्यात मुलाची मोलाची वर्षे निघून जातात.

आपल्या घरांतील अडचणी थोड्या निराळ्या. ताटात अन्न टाकू नये, हा आपला संस्कार; थेरपीत मात्र मुलाला पदार्थ हाताळण्याची, चाटण्याची, नको असल्यास थुंकण्याचीही मुभा असते. आजी-आजोबांना हे खटकणारच. नवा पदार्थ नखाएवढाच वाढला, तर दोन्ही सांभाळता येते. त्याची ओळख पटण्यास दहा-पंधरा वेळाही लागतात. दुसरी अडचण सूर्यास्ताची. हिवाळ्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि शाळेतून आलेल्या मुलाच्या तोंडात घाईघाईने घास कोंबला जातो. चौविहार पाळणाऱ्या घरी सायंकाळी ओळखीचेच अन्न द्यावे. नव्याचा प्रयोग रविवारी सकाळी करावा.

थेरपिस्ट बटाट्याच्या फोडी सुचवतील. कंदमुळे वर्ज्य असल्याचे पहिल्याच दिवशी सांगावे. कच्च्या केळ्याच्या फोडी तेच काम करतात. आणि केवळ खाखरा खाणाऱ्या मुलाला एकदम मऊ पोळी देऊ नये. आधी कडक भाजलेला फुलका, काही आठवड्यांनी थोडा कमी भाजलेला, मग मऊ.