जिम्नीमागे होडी

ऑफिसात सध्या एक नवी साथ आली आहे. गेल्या दोन वर्षांत आमच्या टीममधल्या तिघांनी छोट्या फोर बाय फोर गाड्या घेतल्या (दोन थार, एक जिम्नी) आणि आता नुसती गाडी असून भागत नाही, तिने काहीतरी ओढलं पाहिजे. जिम्नीवाल्या मित्राने तर ठरवूनच टाकलंय. कोकणातून जुनी फायबरची मासेमारीची होडी घ्यायची, ट्रेलर बनवून घ्यायचा आणि शनिवार-रविवारी कधी मुळा धरण, कधी दिवेआगर. यूट्यूबवर ऑस्ट्रेलियातला एक काका हेच करतो म्हणे.

माझं मत विचाराल तर ओढता येईल. थांबवता येईल का, याबद्दल मात्र कोणीच बोलत नाही.

त्या काकांच्याच देशातला आकडा बघू. तिकडच्या तीन दारी जिम्नीला १३०० किलो ओढायची परवानगी आहे. हा आकडा ऐकून मित्र खूश झाला. पण त्याला एक अट आहे: ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. नसतील तर मर्यादा ३५० किलो. म्हणजे इंजिन तेच, गाडी तीच, आणि ब्रेक नाहीत म्हणून आकडा जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर. ही मर्यादा इंजिनाने ठरवलेली नाही, हे यातच आलं.

आता आपली बेरीज. सोळा फुटी होडी, तिचं इंजिन, पेट्रोलची टाकी, जाळं, बर्फाची पेटी आणि लोखंडी ट्रेलर मिळून सात-आठशे किलो सहज. जिम्नी स्वतः साधारण १२०० किलोची. घाट चढताना फार तर पहिल्या गिअरमध्ये इंजिन रडेल, तापेल, मागचे ट्रकवाले शिव्या देतील. त्याने कोणी मरत नाही. उतरताना मात्र हे आठशे किलो तुमच्या पाठीला लागून ढकलत असतात आणि वळणावर ट्रेलर सरळच जायला बघतो. गाडीचा व्हीलबेस जितका आखूड तितकं मागचं शेपूट तिला सहज फिरवतं. आपल्याकडची पाच दारी जिम्नी २५९० मिलिमीटर, थार २४५०. दोन्ही आखूडच. वजन ट्रेलरवर नीट मांडलं नाही तर आणखी गंमत. होडीचं इंजिन मागे असतं, त्यामुळे ट्रेलरचं नाक हलकं होतं आणि तो झोके खायला लागतो. साधारण एकदशांश वजन नाकावर यावं असा ठोकताळा आहे.

मित्राने ज्या फॅब्रिकेटरकडे चौकशी केली त्याला मी ब्रेकबद्दल विचारायला लावलं. उत्तर आलं, "साहेब, ट्रेलरला ब्रेक कशाला? पुढच्या गाडीला आहेत की!"

यावर मित्राचा ठरलेला युक्तिवाद: "अरे, तुमच्या नगरकडे ट्रॅक्टरवाले उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढतातच ना?" ओढतात. पण ट्रॅक्टर वीसच्या स्पीडने चालतो. तू ऐंशीने जाणार. वेग चौपट झाला की थांबवायची ऊर्जा सोळापट होते. हे आपण अकरावीत शिकलो, सीईटीत मार्कही मिळवले, आणि गाडीची चावी हातात आली की विसरलो.

हा सगळा वाद आम्ही कुठे घातला माहितीये? हिवरे बाजारात! माझं आजोळ त्याच तालुक्यातलं, आणि मित्राला ते प्रसिद्ध गाव बघायचं होतं. होडीची चर्चा करायला याहून चुकीची जागा सापडणं कठीण. वर्षाला जेमतेम तीन-चारशे मिलिमीटर पाऊस. तिथे होडी कागदाचीच सोडायची, तीही पाऊस पडला तर.

पण बोलता बोलता लक्षात आलं की जागा बरोबरच होती. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले तेव्हा हे गाव दुष्काळाने ओसाड पडलेलं होतं. पुढे डोंगरावर समतल चर खणले, बांध घातले, झाडं लावली, हे सगळ्यांना माहीत असतं. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पेपरातही आलं होतं. मला स्वतःला जास्त भारी वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. किती पाऊस पडला ते मोजायचं. त्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरलेल्यातलं सत्तर टक्के शेतीला, तीस टक्के जमिनीतच ठेवायचं. मग ग्रामसभेत ठरणार, यंदा कोणतं पीक घ्यायचं. शेतीसाठी बोअर पाडायला बंदी. ऊस नाही, केळी नाहीत. तेही साखर कारखान्यांनी भरलेल्या जिल्ह्यात!

म्हणजे पंपात ताकद आहे म्हणून पाणी उपसायचं नाही. पंप काय, पाचशे फुटांवरूनही ओढेल. पण मर्यादा पंपाची नसते, खालच्या पाण्याची असते. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण जिम्नीला लो रेंज आहे!" असो.

लो रेंजचा खरा उपयोग आहे, नाही असं नाही. पाण्याकाठच्या शेवाळलेल्या उतारावर भरलेला ट्रेलर सावकाश वर काढायला याहून चांगली सोय नाही. पण तो उतार आहे कुठे? ऑस्ट्रेलियात काठोकाठ सिमेंटचे रॅम्प बांधलेले असतात, ट्रेलर मागे घ्यायचा आणि होडी पाण्यात सोडायची. इकडे धरणावर दगडी पिचिंग नाहीतर गुडघाभर गाळ. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तिथे तुम्ही होडी घेऊन उतरलात तर प्रेमाने विचारपूस होईलच. शिवाय मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा वाहनच आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते.

राहिला कोकणचा किनारा. कोळी बांधव होडी वर घेतात ती दोराला दहा-पंधरा हात लावून, खाली ओंडके सरकवत, किंवा ट्रॅक्टर लावून. पावसाळ्याआधी ती शाकारून ठेवतात. ओली वाळू कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत हे त्यांना पायाला कळतं. आपल्याला कळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी रुतली आणि ती बाहेर काढली बैलगाडीने. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. फेरारीला हसणं सोपं आहे, पण भरतीच्या वेळी मागे आठशे किलो लावलेली जिम्नीही तशीच रुतेल, आणि मग त्याच कोळ्यांना हाका माराव्या लागतील. त्यांनी मासे सोडून आपला वीकएंड का ओढावा?

तरीही ज्याला करायचंच आहे त्याने सपाट रस्ता धरावा, ब्रेकचा ट्रेलर घ्यावा, साठच्या वर जाऊ नये. धरणावर पोचल्यावर ट्रेलरची चाकं लगेच पाण्यात घालू नयेत. तापलेलं बेअरिंग गार पाण्यात गेलं की आत पाणी ओढतं, ग्रीस जातं आणि परतीच्या वाटेवर चाक जाम होतं.

आणि ज्याला फक्त पाण्यावर सकाळ घालवायची आहे त्याने थंडीत भिगवणला जावं. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला तिथले मच्छीमार स्वतःच्या होडीतून नेतात, पैसेही त्यांनाच मिळतात. बसण्याआधी लाइफ जॅकेट मागा. मे २०२४ मध्ये याच उजनीत कळाशीजवळ वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले. जॅकेट नाही म्हणाले, तर काठावरूनच पक्षी बघा. दुर्बीण तशीही डिकीत पडलेलीच असते.